धातूचा आभास आणि काळाच्या खुणा : लघुप्रतिकृतींवरील धातुवर्णी रंगांचा इतिहास

लघुप्रतिकृती ही इतिहासाच्या अभ्यासकांनी फारशी गंभीरपणे न घेतलेली वस्तू आहे. संग्रहालयातील काचेच्या पेटीत ठेवलेले जहाज किंवा विमान शोभेचे मानले जाते. प्रेक्षक ते पाहून पुढे जातो, आणि त्याच्या मनात त्या यंत्राचे जे चित्र ठसते त्याची छाननी कोणी करीत नाही. वस्तुतः गतकाळातील यंत्राविषयीची सामान्य माणसाची कल्पना दप्तरातील कागदांपेक्षा अशा प्रतिकृतींवरूनच अधिक बनते. प्रतिकृती जोवर नव्याकोऱ्या यंत्राची असे, तोवर ती आकार आणि रंग एवढ्यांविषयीच विधान करीत असे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मात्र प्रतिकृतींवर झीज, गंज, काजळी, उडालेला रंग आणि त्याखाली उघडा पडलेला धातू दाखविण्याची प्रथा रूढ झाली. त्यामुळे प्रतिकृती आता काळाविषयीही बोलू लागली आहे : हे यंत्र इतके वापरले गेले, येथे माणसांचे पाय पडले, येथे पावसाचे पाणी साचले. ही विधाने ज्या साधनाने केली जातात ते साधन म्हणजे धातुवर्णी रंग, आणि अलीकडे विशेषेकरून पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग. साधनाचा इतिहास पाहिल्याखेरीज त्या विधानांची विश्वसनीयता ठरविता येत नाही.

धातूची चकाकी रंगात आणण्याची खटपट फार जुनी आहे. वर्ख आणि बेगड हे तिचे पहिले रूप. धातू ठोकून पातळ पापुद्रा करावयाचा आणि तो पृष्ठभागावर चिकटवावयाचा, यात धातू जसाच्या तसा राहतो. रंग म्हणून तो कुंचल्याने लावता येत नाही. त्यासाठी वर्खाची पूड करावी लागते. जर्मनीतील न्यूरेंबर्ग आणि फ्यूर्ट या गावांनी पितळेच्या वर्खाची अशी पूड करण्याचा व्यवसाय दीर्घकाळ आपल्या हाती ठेवला होता. ठोकलेली पाने मधात किंवा गोंदात घालून दगडी पाट्यावर हाताने घोटावयाची, मग मध धुऊन काढावयाचा, अशी ही रीत होती. श्रम अपार, म्हणून किंमतही अपार.

या व्यवसायाला धक्का दिला तो हेन्‍री बेसेमर याने. पोलादाच्या इतिहासात अमर झालेल्या या इंग्रज संशोधकाची पहिली मोठी कमाई पोलादातून झालेली नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १८४० च्या सुमारास आपल्या बहिणीच्या पुष्पचित्रांच्या संग्रहावर सोनेरी अक्षरे काढावयाची म्हणून त्याने थोडी सोनेरी पूड विकत घेतली. औंसाला सात शिलिंग हा तिचा भाव ऐकून तो चकित झाला. कारण ज्या पितळेची ती पूड होती त्याचा भाव रत्तलाला काही पेन्सांच्या घरात होता. यंत्राने पूड करण्याचा त्याचा पहिला प्रयत्न फसला. पूड झाली, पण तिला चमक नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कारण कळले : त्याचे कण ओबडधोबड होते, तर विकतच्या पुडीचे कण चपटे होते. चपटा कण रंगात पृष्ठभागाशी समांतर आडवा होतो आणि प्रकाश एका दिशेने परत पाठवितो; गोल कण तो चहूकडे विखुरतो. धातुवर्णी रंगाचे सारे शास्त्र या एका निरीक्षणात सामावलेले आहे, आणि आजच्या प्रतिकृतिकाराच्या बाटलीतील रंगही त्याच तत्त्वावर चालतो. बेसेमरने या कृतीचे पेटंट घेतले नाही. पेटंट म्हणजे जाहीर वाच्यता, असा त्याचा हिशेब होता. यंत्राचे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून करवून घेऊन त्याने ते आपल्या घराशेजारी जोडले आणि काम आपल्या मेव्हण्यांच्या हाती सोपविले. हे रहस्य सुमारे चाळीस वर्षे टिकले. त्या नफ्यावरच १८५६ सालच्या पोलादाच्या प्रयोगांचा खर्च निघाला.

पितळेच्या पुडीत एक अंगभूत दोष होता. तेलातील किंवा रोगणातील आम्ल तांब्यावर क्रिया करते, त्यामुळे सोनेरी रंग काही काळाने हिरवट पडतो किंवा काळवंडतो. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विद्युत्-पद्धतीने ॲल्युमिनियम काढण्याची रीत स्वतंत्रपणे शोधल्यावर हा धातू स्वस्त झाला आणि न काळवंडणारा रुपेरी रंग शक्य झाला. मात्र ॲल्युमिनियमची कोरडी पूड हवेत उडाली तर तिचा स्फोट होतो, आणि कारखान्यांत असे अपघात घडत असत. १९२० च्या दशकात एव्हरेट हॉल याने (वरील हॉलचा आणि याचा संबंध नाही) ही पूड पेट्रोलियमजन्य द्रवात, पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात दळण्याची युक्ती काढली, आणि तेव्हापासून ॲल्युमिनियमचे रंगद्रव्य लगद्याच्या रूपात सुरक्षितपणे मिळू लागले. जॅक्सन पोलॉक या चित्रकाराने १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पटांवर ओतलेला रुपेरी रंग याच कुळातला होता.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. दोन महायुद्धांमधल्या काळातील ब्रिटिश हवाई दलाची विमाने चंदेरी दिसत. परंतु त्यांचे पंख कापडाचे होते. कापडावर सेल्युलोजचे रोगण देत आणि त्यात ॲल्युमिनियमची पूड मिसळत. हेतू सौंदर्याचा नसून संरक्षणाचा होता : ॲल्युमिनियमच्या चपट्या कणांचा थर सूर्याचे जंबुपार किरण परतवी आणि कापड लवकर कुजत नसे. ‘हिंडेनबुर्ग’ या जर्मन आकाशनौकेचे आवरणही याच प्रकारे रंगविलेले होते. म्हणजे ज्या यंत्राची प्रतिकृती करावयाची ते मूळ यंत्रच पुष्कळदा धातूचा आभास करणाऱ्या रंगाने रंगविलेले असे. रुपेरी दिसणारे सारे धातू असते असे समजणारा प्रतिकृतिकार पहिल्याच पायरीवर चुकतो. ही चूक पुढे किती दूरवर पोहोचली ते खाली येईलच.

प्रतिकृतींकडे वळावयाचे तर प्रारंभी झिजेचा विचारच नव्हता. १:७२ हे प्रमाण १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये लाकडी संचांनी रूढ केले आणि १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या मालेने ते प्लॅस्टिकमध्ये आणले. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळाशाळांतील मुलांकडून पाच लाख विमान-प्रतिकृती करवून घेण्याची मोहीम काढली. शत्रूचे विमान ओळखण्याच्या शिक्षणासाठी त्या हव्या होत्या, म्हणून त्या काळ्या रंगाने सपाट रंगविल्या जात; आकृती तेवढी महत्त्वाची. युद्धानंतर एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज आणि १९५३ मध्ये स्पिटफायर हे विमान स्वस्त संचांच्या रूपाने वूलवर्थच्या दुकानांत आणले. ही विमाने मुलांनी जोडावयाची, हंब्रॉल कंपनीच्या लहानशा डबीतील इनॅमलने रंगवावयाची आणि छताला टांगावयाची. त्यांच्यावर गंज दाखविण्याचा विचार कोणाला सुचला असता तर तो घाणेरडेपणा ठरला असता.

झिजेचे चित्रण प्रथम आले ते रेल्वेच्या प्रतिकृतींत, आणि त्याचे कारण उघड आहे. लढाऊ विमान हौशी माणसाच्या रोजच्या पाहण्यातले नसे. रेल्वेचे इंजिन मात्र प्रत्येक गावात धूर ओकीत उभे असे. नवीन रंगाचे चकचकीत इंजिन हाच तेथे अपवाद होता. ब्रिटनमध्ये जॉन अहर्न याने ‘मॅडर व्हॅली’ या काल्पनिक रेल्वेवर जुनाटपणा दाखविला. ती प्रतिकृती पुढे ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात जतन झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन याने ‘गोर अँड डॅफेटिड’ नावाची रेल्वे उभी केली आणि गंजलेले पत्रे, काजळी, उन्हाने विटलेले लाकूड यांना प्रतिकृतिकलेत मानाचे स्थान मिळवून दिले. ॲलन व्यवसायाने छायाचित्रकार होता, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. प्रकाशात वस्तू कशी दिसते याचे शिक्षण त्याच्या डोळ्यांना व्यवसायाने दिलेले होते. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि थोड्याच दिवसांत आग लागून त्याची रेल्वे नष्ट झाली. आज तिच्याविषयी जे कळते ते मुख्यतः त्यानेच काढलेल्या छायाचित्रांवरून.

सैनिकी प्रतिकृतींत ही दृष्टी १९७० च्या दशकात आली. अमेरिकेत शेपर्ड पेन याने मोनोग्राम कंपनीच्या संचांसाठी केलेल्या देखाव्यांची माहितीपत्रके त्या संचांच्या खोक्यांतून घरोघर गेली, आणि १९८० मध्ये देखाव्यांच्या रचनेवरील त्याचे पुस्तक निघाले. बेल्जियममधील फ्रांस्वा व्हेर्लिंडेन याने त्यानंतर हीच वाट रुंद केली. या काळातील मुख्य हत्यारे दोन. पहिले, गडद रंग पुष्कळ पातळ करून खाचांत उतरू देणे. दुसरे, कुंचला रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईतो पुसावयाचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावयाचा. या दुसऱ्या पद्धतीत रुपेरी रंग वापरण्याची फार मोठी चाल पडली. रणगाड्याच्या प्रत्येक कडेवर चांदीची रेघ उमटू लागली, आणि ते घासलेले पोलाद म्हणून मान्य झाले.

हे चित्रण वस्तुस्थितीला धरून नव्हते. रणगाड्याचे पोलाद उघडे पडले की ते काही तासांत, दमट हवेत त्याहूनही लवकर, तपकिरी पडू लागते. चकाकते ते फक्त अखंड घासले जाणारे भाग : पट्ट्याची जमिनीला लागणारी बाजू, दातेरी चाकाचे दाते. एरवी रंगाचा टवका उडाला तर खाली पुष्कळदा अस्तराचा तांबूस रंग दिसतो. शिवाय आघाडीवरच्या रणगाड्याचे आयुष्यच अनेकदा इतके अल्प असे की त्याच्यावर दहा वर्षांचा गंज चढावयास अवसर नसे. मग ही चाल पडली कशी? एका प्रतिकृतीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी, अशी. बखरीवरून बखर उतरविली जावी आणि मूळ पत्रे कोणी उघडून पाहू नयेत, त्यातलाच हा प्रकार होता. प्रदर्शनात जे नजरेत भरे ते पुढच्या वर्षी दहाजण करीत, आणि पाच वर्षांनी तेच ‘वास्तव’ ठरे.

ॲक्रिलिक रंगांनी या परिस्थितीत दोन प्रकारे बदल केला. ॲक्रिलिक रेझिनचा पाया ओटो रोम याने १९०१ च्या आपल्या प्रबंधात घातला होता. १९३३ पासून ते प्लेक्सिग्लास या पारदर्शक पत्र्याच्या रूपाने बाजारात आले. १९५३ मध्ये अमेरिकेतील रोम अँड हास कंपनीने पाण्यात विखुरलेले ॲक्रिलिक पायस घरगुती रंगांसाठी काढले, आणि १९५५ मध्ये लिक्विटेक्स या नावाने चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग निघाला. प्रतिकृतींच्या जगात हा रंग पसरण्यास आणखी बराच काळ लागला. १९६५ मध्ये न्यू जर्सीत सुरू होऊन १९६९ मध्ये स्पेनमध्ये गेलेली वाय्येखो ही कंपनी प्रथम चलच्चित्रांच्या रंगांशी संबंधित होती. जपानमधील तामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग हे अल्कोहोलनेही पातळ होणारे, म्हणजे काहीसे संकरित जातीचे आहेत. त्यांच्या यादीत ‘सपाट ॲल्युमिनियम’ नावाचा एक रंग आहे. चमक नसलेली चमक, असा हा शब्दविरोध वाटतो खरा. पण उन्हापावसात राहिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

पहिला बदल असा की, वाळलेल्या ॲक्रिलिकच्या थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग बेधडक फिरविता येऊ लागला. इनॅमलवर तोच हात दिला तर खालचा थर विरघळून सारे काम बिघडत असे. त्यामुळे विद्रावकांच्या भेदाचा फायदा घेऊन एकावर एक अनेक थर देणे शक्य झाले. झीज ही एका फटकाऱ्याऐवजी थराथराने, जशी ती प्रत्यक्षात घडते तशी, रचता येऊ लागली. दुसरा बदल पुढे झाला. खाली धातुवर्णी किंवा गंजाचा थर, त्यावर केसांवर मारावयाच्या फवाऱ्याचा पातळ लेप आणि त्यावर ॲक्रिलिकचा वरचा रंग, अशी रचना करावयाची. मग पाण्याने ओल्या केलेल्या कुंचल्याने वरचा थर घासावयाचा. ताज्या ॲक्रिलिकमधून पाणी खाली झिरपते, फवाऱ्याचा लेप सुटतो आणि वरचा रंग टवक्याटवक्यांनी निघून येतो. येथे टवका रंगविलेला नसतो, तो खरोखरच उडालेला असतो. कोरड्या कुंचल्याच्या रेघेपेक्षा या खुणेला अधिक विश्वास मिळतो तो यामुळेच. मात्र टवका कोठे उडवावयाचा याचा निर्णय अजूनही कारागिराचाच असतो, हे विसरता येत नाही.

धातूच्या चमकीबाबत मात्र ॲक्रिलिकपुढे एक रासायनिक अडचण होती. ॲल्युमिनियमची बारीक पूड पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन वायू सोडते; बाटली फुगते आणि रंगाची चमक जाते. तेलात किंवा लॅकरमध्ये ही अडचण येत नाही. यावर एक उपाय अभ्रकाने दिला. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टिटॅनियम डायऑक्साइडचा सूक्ष्म थर चढविला की तो मोत्यासारखा, आणि त्यावर लोहभस्म चढविले की सोन्यातांब्यासारखा चमकतो. अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीला याचे पेटंट १९६३ मध्ये मिळाले. पाण्यात न बिघडणारा हा पदार्थ अनेक ॲक्रिलिक धातुवर्णांत वापरला गेला. पण अभ्रक हे पारदर्शक असते. त्याखालचा थर गडद नसेल तर धातूऐवजी शिंपल्याची झाक येते. जीर्ण धातू दाखविणाऱ्याने आधी काळा थर द्यावा हा प्रघात यातून दृढ झाला. पुढे ॲल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर सिलिकासारखे संरक्षक कवच चढविण्याची रीत आली, तेव्हा पाण्यातील रंगालाही खऱ्या धातूचा वापर करता आला.

कणाच्या आकाराचा प्रश्न यापेक्षाही मूलभूत आहे. साधारण रुपेरी रंगातील चपटा कण २० मायक्रोमीटर रुंद धरला, तर १:७२ या प्रमाणात तो मूळ विमानावरील जवळजवळ दीड मिलिमीटर रुंदीच्या चमकत्या चकतीएवढा होतो. कोणत्याही विमानाचा पत्रा असा दाणेदार नसतो. म्हणून प्रतिकृतीसाठीच्या रंगात कण अतिशय सूक्ष्म लागतात. परंतु कण जितका सूक्ष्म तितकी त्याची कड अधिक प्रकाश विखुरते आणि चमक करडी पडते. चमक आणि सूक्ष्मता यांचे हे वैर पूर्णपणे मिटविता आलेले नाही. तेच गणित टवक्यालाही लागू पडते. प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरचा टवका म्हणजे मूळ विमानावर सात सेंटिमीटरांहून मोठे भोंगळ भगदाड. प्रदर्शनांतील कित्येक विमाने या हिशेबाने पाहिली तर ती उडत होती कशी, असा प्रश्न पडतो.

आता पुराव्याकडे. झीज दाखविण्यासाठी प्रतिकृतिकार मुख्यतः युद्धकालीन छायाचित्रांवर विसंबतो, आणि ती बहुतांशी कृष्णधवल आहेत. त्या काळी काही चित्रे तांबड्या प्रकाशाला न जुमानणाऱ्या फिल्मवर घेतली जात; अशा फिल्मवर ब्रिटिश विमानांवरील पिवळे वलय काळपट दिसते. एखादा काळसर डाग तेलाचा, सावलीचा, अस्तराचा की फिल्मच्या स्वभावाचा, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. दुसरे साधन म्हणजे शिल्लक उरलेली विमाने. पण त्यांपैकी बहुतेकांना डागडुजीच्या निमित्ताने पुन्हा रंग दिलेला आहे. ते साधन दिसावयास प्रत्यक्ष, पण खरे पाहता दुय्यम असते.

या दोन्ही साधनांनी मिळून केलेल्या दिशाभुलीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेचे पी-५१ मस्टँग हे विमान. १९४३ च्या अखेरीस अमेरिकन सैन्याने आपल्या विमानांना छद्मरंग देणे बंद करण्याचे ठरविले. वजन, वेळ आणि वेग या तिन्ही दृष्टींनी ते सोयीचे होते. १९४४ मधली मस्टँग म्हणूनच चकचकीत धातूची म्हणून ओळखली जाते. ड्युरॅल्युमिनवर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असलेला, १९२७ पासून वापरात आलेला ‘ॲलक्लॅड’ पत्रा या विमानाच्या धडावर होता आणि तो उघडा राहिला तरी सहसा गंजत नसे. तथापि पंखांची गोष्ट निराळी. मस्टँगचा पंख हवेचा प्रवाह शक्य तितका अखंड वाहावा अशा बेताने आखलेला होता. खिळ्यांच्या डोक्यांनी आणि पत्र्यांच्या सांध्यांनी तो प्रवाह मोडला असता. म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागाला अस्तर देत, सांध्यांत लांबी भरत, ती घासून गुळगुळीत करीत आणि त्यावर ॲल्युमिनियमचे लॅकर मारीत. छायाचित्रात धड आणि पंख दोन्ही रुपेरीच दिसतात. उत्पादकांनी प्लॅस्टिकच्या पंखावर प्रत्येक सांधा आणि प्रत्येक खिळा कोरला. हौशी कारागिरांनी त्या खाचांत काळसर रंग भरून झीज दाखविली. भरीस भर म्हणजे युद्धानंतर खासगी मालकांनी उडती ठेवलेली कित्येक मस्टँग विमाने पंखांवरचे लॅकर आणि लांबी काढून धातू घासून चकचकीत करून ठेवली गेली. त्यांची छायाचित्रे पुन्हा प्रतिकृतींसाठी आधार ठरली. कारखान्यातील कृतीचे कागद आणि युद्धकालीन चित्रे एकत्र ठेवून वाचल्यावरच हा घोटाळा उघड झाला.

याचा व्यवहारातील परिणाम मोठा मौजेचा आहे. एकाच विमानावर कारागिराला आता दोन निराळे रुपेरी रंग वापरावे लागतात. धडावर धातूचा आभास देणारा तेजस्वी रंग. पंखावर रंगाचाच आभास देणारा, एकसारखा आणि काहीसा करडा रंग. झीजही निराळी. धडावर बोटांचे डाग, तेल आणि धुराच्या पट्ट्या यांनी चमक मंदावते. पंखाच्या मुळाशी, जेथे वैमानिक आणि कारागीर पाय देत, तेथे लॅकर उडून खाली अस्तर किंवा लांबीचा थर दिसतो. तेथे चकाकता टवका दाखविणे म्हणजे नसलेला धातू दाखविणे होय.

अस्सल साधन अगदीच उरलेले नाही असे मात्र नाही. वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेकडे ‘फ्लॅक-बेट’ नावाचे मार्टिन बी-२६ जातीचे बाँबफेकी विमान आहे. दोनशेहून अधिक मोहिमा करून ते युद्धातून परत आले. १९७६ पासून त्याच्या धडाचा पुढचा भाग संग्रहालयात मांडलेला होता. पुढे सबंध विमानाच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले, आणि त्यात नवा रंग देऊन ते नवेकोरे करण्यापेक्षा मूळ रंग, त्याचे उडालेले पोपडे आणि तोफगोळ्यांच्या छिद्रांवर मारलेली ठिगळे आहेत तशी राखण्याचे धोरण स्वीकारले गेले. या विमानाच्या पृष्ठभागावर कोठे धातू दिसतो आणि कोठे अस्तर, कोठे ठिगळाचा रंग मूळ रंगाहून वेगळा विटला आहे, हे आजही जवळून पाहता येते. छिद्रावरचे ठिगळ कारखान्यात लागलेले नसून ते तळावर, घाईघाईने, हाताशी असेल त्या रंगाने झाकलेले आहे. आणि ज्या रुपेरी रेघांनी प्रतिकृतींच्या कडा सजविल्या जातात तशी एकसारखी रेघ त्याच्या अंगावर शोधूनही सापडत नाही.